परदेशात त्वचेचा कॅन्सर निघाला तर कोणत्या क्रमाने काय करायचं

परदेशात राहणाऱ्या ओळखीपाळखीच्या लोकांचे मला या विषयावर फोन येतात. पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : "उपचार इथेच घ्यायचे की घरी परत जायचं?" मी विचारतो, बायॉप्सीचा, म्हणजे डागाचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट आला का, त्यात डागाची जाडी किती लिहिली आहे? पलीकडे शांतता. विमानाच्या तिकिटांची चौकशी झालेली असते आणि बायॉप्सी अजून व्हायची असते.

गाडी इथेच रुळावरून घसरते. इथे की तिथे, हा प्रश्न खाली पाचव्या टप्प्यावर आहे. त्याआधीचे चार टप्पे तुम्ही आज ज्या देशात आहात तिथेच पार पाडायचे आहेत. मी डॉक्टर नाही. माझ्या डाव्या तळपायावरचा डाग मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर, निघाला तेव्हा मी परदेशात नोकरीला होतो. निदान, शस्त्रक्रिया आणि पुढचे वर्षभराचे उपचार तिथेच झाले. त्यात मी दोनदा स्वतःच्या चुकीने अडकलो. त्या दोन्ही जागा पुढे येतील.

टप्पा १ : डाग बघा, फोटो काढा, हात लावू नका

त्वचेचे कॅन्सर मुख्यतः तीन. बेसल सेल कार्सिनोमा सगळ्यांत जास्त आढळतो, सावकाश वाढतो आणि शरीरात दुसरीकडे क्वचितच पसरतो. स्क्वेमस सेल कार्सिनोमा बहुतेकदा जागच्या जागी बरा होतो, पण काही वेळा लसिकाग्रंथींपर्यंत (मान, काख, जांघ इथल्या छोट्या ग्रंथी) जातो. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी त्याला हलक्यात घेऊ नये. तिसरा मेलॅनोमा. तो संख्येने कमी, पण त्वचेच्या कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत मोठा वाटा त्याचाच.

तीळ बघताना पाच गोष्टी बघतात : दोन अर्धे एकमेकांसारखे नाहीत, कडा वेड्यावाकड्या आहेत, रंग एकापेक्षा जास्त आहेत, आकार ६ मिलिमीटरहून मोठा आहे, आणि तो बदलतो आहे. मला विचाराल तर पाचवी खूण पहिली वाचावी. मेलॅनोमाचा एक प्रकार पहिल्या चार खुणांत बसतच नाही. तो गोल, एकाच रंगाचा, उठलेला, टणक असतो आणि आठवड्या-आठवड्याला वाढतो. अंगावरच्या इतर तिळांशी न जुळणारा एखादाच तीळ असेल तर तोही दाखवावा.

आता आपल्यासारख्या सावळ्या-काळ्या त्वचेच्या लोकांसाठी महत्त्वाचं. आपल्यात मेलॅनोमा तुलनेने कमी होतो, पण होतो तेव्हा बऱ्याचदा उन्हाशी संबंध नसलेल्या जागी होतो : तळपाय, तळहात, नखाखाली. बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा मेलॅनोमा १९७७ साली उघडकीला आला. त्याआधी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा समजली गेली होती. १९८१ साली, वयाच्या ३६व्या वर्षी तो गेला. माझी पहिली चूक याच जातीची. तळपायावरच्या डागाला मी आठ महिने कुरूप समजत होतो आणि त्यावर कुरूप मऊ करायच्या पट्ट्या लावत होतो. पट्ट्यांनी वरची कातडी सोलली जायची, डाग पुसट दिसायचा, आणि मला वाटायचं बरं होतंय.

नखाखालचा काळा डाग ठेच लागून साकळलेलं रक्त असेल तर तो नखाबरोबर पुढे सरकतो आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं. पायाचं नख महिन्याला एक-दीड मिलिमीटरच वाढतं, म्हणून हा फरक फोटोंशिवाय कळत नाही. नखाच्या मुळापासून टोकापर्यंत जाणारा, रुंद होत जाणारा काळा पट्टा आणि नखालगतच्या कातडीवर उतरलेला काळेपणा दिसला तर मात्र महिनाभर फोटो काढत बसू नका, थेट दाखवा.

भरून न येणारी जखम, पुन्हा पुन्हा खपली धरून रक्त येणारी जागा, भाजल्याच्या जुन्या व्रणात उगवलेला फोड, या सगळ्या बाकीच्या दोन कॅन्सरच्या खुणा असू शकतात. सावळ्या त्वचेत बेसल सेल कार्सिनोमा बऱ्याचदा काळपट, चकचकीत दिसतो आणि लोक त्याला तीळच म्हणतात.

फोटो दोन काढा : एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि एक लांबून, डाग शरीरावर कुठे आहे ते कळेल असा. प्रकाश दर वेळी सारखा ठेवा.

*सावधान :* तीळ, चामखीळ, "नुसता डाग" लेझरने, ॲसिडने, जाळून किंवा दोरा बांधून काढून टाकू नका, कुणालाही काढू देऊ नका. डाग जळाला की प्रयोगशाळेत बघायला काही उरत नाही, आणि खाली काही शिल्लक असेल तर ते वरच्या नव्या कातडीखाली वाढत राहतं. त्वचेवरून काढलेला संशयास्पद तुकडा तपासणीला गेलाच पाहिजे.

टप्पा २ : योग्य दारातून आत जा

ब्रिटन किंवा नेदरलँड्ससारख्या देशांत आधी तुमच्या नावावर नोंदलेल्या फॅमिली डॉक्टरकडे जावं लागतं, त्यांच्या चिठ्ठीशिवाय सरकारी व्यवस्थेतला तज्ज्ञ तुम्हाला बघत नाही. जर्मनीत थेट त्वचारोगतज्ज्ञाची वेळ घेता येते. ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कॅन्सरसाठी वेगळी क्लिनिक्स आहेत, पण तिथे तपासणारे बऱ्याचदा जादा प्रशिक्षण घेतलेले फॅमिली डॉक्टर असतात. तुमच्या देशात कोणतं दार आहे हे डाग दिसायच्या आधी माहीत असलेलं बरं. फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवणं ही घर घेतल्याच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट आहे. पुष्कळ लोक ती पहिल्या आजारपणापर्यंत ढकलतात, आणि मग नोंदणीतच दिवस जातात.

इमर्जन्सी विभागात जाऊ नका. ते तातडीचं रक्त थांबवतात, तिळाचं निदान करत नाहीत.

वेळ घेताना तीन वाक्यं सांगायची, ती तिथल्या भाषेत आधीच लिहून न्यायची : हा डाग अमुक महिन्यांपासून आहे. तो बदलतो आहे, आकार किंवा रंग असा असा बदलला. रक्त येतं, खाजतं किंवा भरून येत नाही. "तसं फार काही नाही, पण सहज दाखवावं म्हटलं" अशी सुरुवात केली तर फोन घेणारी व्यक्ती तुम्हाला दीड महिन्यानंतरची वेळ देईल आणि त्यात तिची चूक नसेल. ब्रिटनमध्ये कॅन्सरचा संशय असलेल्या रुग्णांना तज्ज्ञाकडे तातडीने पाठवायचा वेगळा मार्ग आहे. डॉक्टरांनी तुमची चिठ्ठी त्या मार्गाने पाठवली की साध्या रांगेत, हे विचारून घ्या. इतर देशांतही "ही चिठ्ठी तातडीची आहे का?" हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही.

जिथे रुग्ण प्रामुख्याने गोऱ्या कातडीचे असतात, तिथल्या डॉक्टरांची नजर पाठ, खांदे, चेहरा यांवर आधी जाते. मोजे काढा. नखांचं पॉलिश घरीच पुसून जा. डर्मोस्कोपने, म्हणजे प्रकाश असलेल्या भिंगाने, डाग बघितला का ते पाहा. "काही नाही" असं उत्तर मिळालं आणि डाग बदलत असेल, तर भांडायची गरज नाही. दोनच गोष्टी मागा : हे निरीक्षण माझ्या नोंदीत लिहा, आणि पुन्हा तपासायची तारीख द्या. लिहायची वेळ आली की पुष्कळ डॉक्टर पुन्हा एकदा वाकून बघतात.

भाषा कच्ची असेल तर दुभाषा मागा. मोठ्या हॉस्पिटलांत तो बऱ्याचदा फोनवरून किंवा व्हिडिओवरून मिळतो, पण वेळ ठरवतानाच सांगावं लागतं. मुलांना दुभाषा करू नका. बारा वर्षांच्या मुलीने आपल्या आईला "कॅन्सर" हा शब्द सांगायचा नसतो. शिवाय घरचं माणूस वाईट वाक्यं मऊ करून सांगतं, आणि त्या मऊपणात नेमकी माहिती गळते.

*निघण्यापूर्वी तपासा :* फोटो, चालू औषधांची यादी मूळ औषधाच्या नावानिशी, घरात कुणाला मेलॅनोमा झाला होता का, आधी काढलेल्या तिळांचे रिपोर्ट.

टप्पा ३ : बायॉप्सी

मेलॅनोमाचा संशय असेल तर शक्य तिथे अख्खा डाग, भोवतालची १ ते ३ मिलिमीटर निरोगी कातडी घेऊन, एकसंध काढतात. कारण पुढचे सगळे निर्णय डाग किती खोल गेला आहे यावर ठरतात, आणि एका कोपऱ्यातला तुकडा घेतला तर सगळ्यांत खोल भाग नेमका सुटू शकतो. डाग फार मोठा असेल, चेहऱ्यावर किंवा तळपायावर असेल, तर थोडा भाग काढणं योग्य ठरू शकतं. नखाची बायॉप्सी मात्र ती नेहमी करणाऱ्याच डॉक्टरकडे करावी. बेसल आणि स्क्वेमस सेलसाठी छोटा तुकडा सहसा पुरतो.

सुई टोचून जागा बधिर करतात, काम साधारण अर्ध्या तासात होतं. उठण्याआधी विचारायचे प्रश्न तीन : अख्खा डाग काढला की भाग? रिपोर्ट कधी आणि कोणत्या मार्गाने येईल? तो आला नाही तर मी कुणाला फोन करायचा?

तिसरा प्रश्न मी विचारला नाही, ही माझी दुसरी चूक. बायॉप्सीनंतर मी घर बदललं. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि तीन आठवडे तिथल्या पेटीत पडून राहिलं. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चाललो होतो.

*सावधान :* "काही असेल तर आम्ही कळवू" या वाक्यावर थांबू नका. दिलेली तारीख उलटून दोन दिवस गेले की स्वतः फोन करा. रिपोर्ट यायच्या काळात लांबचा प्रवास ठरवू नका. पत्ता, फोन नंबर किंवा सिमकार्ड बदललं तर त्याच दिवशी कळवा.

टप्पा ४ : रिपोर्ट हातात घ्या आणि वाचा

"कॅन्सर आहे, पण लवकर सापडला" एवढं तोंडी ऐकून बाहेर पडू नका. पॅथॉलॉजीचा, म्हणजे प्रयोगशाळेत तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरांचा, पूर्ण रिपोर्ट, सहीसकट, मागून घ्या. सारांशाचं पत्र वेगळं आणि मूळ रिपोर्ट वेगळा. पुढे दुसऱ्या शहरात, दुसऱ्या देशात, विमा कंपनीत, सगळीकडे मूळच लागतो.

मेलॅनोमाच्या रिपोर्टमध्ये आधी शोधायचा तो आकडा म्हणजे ब्रेस्लो जाडी, मिलिमीटरमध्ये. ०.८ च्या आत असेल आणि वर अल्सरेशन नसेल तर तो पातळ गटात मोडतो. १, २ आणि ४ मिलिमीटर या पुढच्या पायऱ्या. अल्सरेशन म्हणजे डागावरची त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेली दिसणं. तुम्हाला वरून व्रण दिसला नाही तरी ते रिपोर्टमध्ये असू शकतं, आणि त्याने गट वरचा होतो. "इन सिटू" लिहिलं असेल तर पेशी अजून त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातच आहेत. बेसल आणि स्क्वेमस सेलच्या रिपोर्टमध्ये प्रकार, खोली, मज्जातंतूंभोवती शिरकाव आहे का आणि कडा मोकळ्या आहेत का, हे बघा.

एका शब्दाने फार गोंधळ होतो. रोजच्या बोलण्यात पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं. इथे उलटं. "मार्जिन पॉझिटिव्ह" म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी आहेत. "नोड निगेटिव्ह" म्हणजे ग्रंथीत काही सापडलं नाही. एका गृहस्थांनी मला आनंदाने सांगितलं होतं की त्यांचं मार्जिन पॉझिटिव्ह आलं.

रिपोर्टनंतर उरतो तो मेणाचा ठोकळा. काढलेला तुकडा प्रयोगशाळेत पॅराफिनमध्ये बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात, आणि त्याचे पातळ काप काचेवर चढवले की स्लाइड्स. हा ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो, त्याला फ्रीजमध्ये ठेवावं लागत नाही. तो कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या क्रमांकाने ठेवला आहे हे रिपोर्टवरून उतरवून घ्या. दुसरं मत घ्यायचं असेल तर ते त्या काचांवर घ्यावं. नुसता कागद वाचून दिलेलं मत म्हणजे पहिल्याच मताची उजळणी. तिळासारख्या दिसणाऱ्या काही गाठींत अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचंही एकमत होत नाही, त्यामुळे रिपोर्टमध्ये "निश्चित सांगता येत नाही" अशा अर्थाचं काही असेल तर त्वचेच्या पॅथॉलॉजीतल्या तज्ज्ञाकडून काचा पुन्हा बघून घेण्याची विनंती करा.

*तपासा :* तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, जन्मतारीख बरोबर आहे का, आणि डावी-उजवी बाजू नीट लिहिली आहे का. आडनाव आधी की नाव आधी, यावरून एकाच माणसाच्या दोन फाइली होतात.

टप्पा ५ : आता ठरवा, इथे की मायदेशी

आकडा हातात आला की या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपोआप मिळतं.

बेसल सेल कार्सिनोमा असेल तर बहुतेकांना सवड असते. काही आठवड्यांनी फारसं बिघडत नाही, फक्त डोळ्याजवळचा, नाकावरचा किंवा वेगाने वाढणारा असेल तर डॉक्टरांना नेमकी मुदत विचारा. पातळ मेलॅनोमाला बऱ्याचदा एकच छोटी शस्त्रक्रिया पुरते. ती करायला देश बदलणं म्हणजे दाढ दुखते म्हणून घर विकण्यासारखं आहे. जाडी एक मिलिमीटरच्या पुढे असेल तर पुढची शस्त्रक्रिया, ग्रंथीची तपासणी आणि कदाचित वर्षभराची औषधं, अशी साखळी लागते. ती एका ठिकाणी सुरू करून दुसरीकडे संपवणं हे सगळ्यांत वाईट. ठिकाण एकच निवडा.

निवडताना चार प्रश्न :

पहिला, विमा नेमका काय देतो? प्रवास विमा साधारणपणे अचानक आलेल्या तातडीसाठी असतो, कॅन्सरचे नियोजित उपचार त्यात बसत नाहीत. नोकरीतून किंवा सरकारी व्यवस्थेतून मिळालेलं संरक्षण असेल तर शस्त्रक्रिया, स्कॅन, महागडी औषधं यांना आधी मंजुरी लागते का ते विचारा आणि उत्तर ईमेलने घ्या. फोनवरच्या "हो हो, चालेल"ला नंतर कुणी ओळखत नाही.

दुसरा, विमा नोकरीला आणि नोकरी व्हिसाला बांधलेली आहे का? असेल तर घाबरून राजीनामा देऊ नका. आधी आजारपणाची रजा, नोकरी गेली तर संरक्षण किती दिवस चालू राहतं आणि व्हिसाची मुदत कधी संपते, या तिन्हींची लेखी माहिती गोळा करा. ऑफिसात कुणाला किती सांगायचं हे तुम्ही ठरवा. रजेसाठी बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांचं प्रमाणपत्र पुरतं, रोगाचं नाव सांगावं लागत नाही.

तिसरा, मायदेशी तारीख ठरली आहे का? "तिथे ओळखीचे डॉक्टर आहेत" म्हणजे तारीख नव्हे. आणि तिथल्या विम्यात आधीपासून असलेल्या आजाराला किती प्रतीक्षाकाळ आहे, हे पॉलिसीच्या कागदावर वाचा.

चौथा, शस्त्रक्रियेनंतरचे दोन-तीन आठवडे घरात कोण असेल? हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. माझ्या मते तो वरच्या तिन्हींइतकाच वजनदार आहे. मी राहायचं ठरवलं ते खालच्या मजल्यावरच्या मित्राने किल्ली मागून घेतली म्हणून. विम्याचा कागद नंतर बघितला.

जायचं ठरलं तर रिपोर्ट, स्लाइड्स, स्कॅनच्या प्रती घेऊनच निघा. स्लाइड्ससाठी लेखी अर्ज लागतो आणि त्याला वेळ जातो, म्हणून तिकीट काढण्याआधी अर्ज करा. त्या चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.

टप्पा ६ : शस्त्रक्रिया, आणि त्यातला उलटा न फिरणारा क्रम

मेलॅनोमा बायॉप्सीत पूर्ण निघाला असला तरी त्या जागेभोवतीची आणखी त्वचा काढतात. हीच रुंद शस्त्रक्रिया. इन सिटूला साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर, १ मिलिमीटरपर्यंतच्या जाडीला १ सेंटिमीटर, १ ते २ मिलिमीटरला १ ते २ सेंटिमीटर, त्यापुढे २ सेंटिमीटर. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा तिळासाठी एवढा खड्डा? पण हिशोब तिळाच्या रुंदीचा नसून खोलीचा आहे.

सेंटिनल नोड बायॉप्सी म्हणजे डागाच्या जागेतून निघणारा लसिकाद्रव ज्या ग्रंथीत पहिल्यांदा पोहोचतो ती पहाऱ्यावरची ग्रंथी काढून तपासणं. जाडी १ मिलिमीटरच्या पुढे असेल तर ती सहसा सुचवली जाते. ०.८ ते १ मध्ये, किंवा त्याहून पातळ पण अल्सरेशन असेल, तर तिच्यावर चर्चा होते.

*सावधान, या लेखातलं सगळ्यांत महत्त्वाचं :* सेंटिनल नोड बायॉप्सी रुंद शस्त्रक्रियेच्या वेळीच व्हायला हवी. आधी रुंद भाग काढून टाकला, कातडी इकडून तिकडे फिरवली, की त्या जागेचे मूळ निचऱ्याचे मार्ग बदलतात आणि पहारेकरी ग्रंथी कोणती ते खात्रीने सांगता येत नाही. "ही छोटी शस्त्रक्रिया इथे करून घेतो, गाठीचं घरी गेल्यावर बघू" हा बेत म्हणून घातक. तारीख पक्की करण्यापूर्वी एकच प्रश्न : माझ्या जाडीला सेंटिनल नोडचा विचार झाला का? नसेल तर का नाही?

ग्रंथी शोधायला जागेभोवती किरणोत्सारी द्रव्य आणि बहुतेकदा निळा रंग टोचतात. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी दिसली तर घाबरू नका. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

चेहऱ्यावरच्या बेसल किंवा स्क्वेमस सेलसाठी मोह्स शस्त्रक्रिया उपलब्ध आहे का विचारा. तीत थर काढून तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, कडा मोकळ्या होईपर्यंत पुढचा थर. डबा आणि पुस्तक घेऊन जा, दिवस जातो. वरवरच्या बेसल सेलला काही वेळा इमिक्विमॉड क्रीम किंवा प्रकाशाचे उपचार चालतात. क्रीमने जागा लालभडक होते, खपल्या धरतात. ते अपेक्षित असतं, म्हणून आपल्या मनाने थांबवू नका.

रक्त पातळ करणारी औषधं घेत असाल तर सर्जनला सांगा, पण स्वतः बंद करू नका. शस्त्रक्रियेच्या रात्री सोबतीला कुणीतरी असावं. चेहऱ्याचे टाके साधारण पाच-सात दिवसांनी काढतात, धड आणि पायांचे दहा-चौदा दिवसांनी किंवा आणखी उशिरा. तळपायावर कातडीचं रोपण झालं तर कित्येक आठवडे त्या पायावर भार टाकता येत नाही. कुबड्या आधी आणा, जिने मोजा, न्हाणीघरात स्टूल ठेवा, फ्रीज भरून ठेवा. विमानप्रवास टाके निघाल्याशिवाय आणि सर्जनच्या परवानगीशिवाय नको. जांघेतल्या किंवा काखेतल्या शस्त्रक्रियेनंतर तिथे पाणी साचून फुगवटा येऊ शकतो, आणि तो उपसायला तुम्ही शस्त्रक्रियेच्या हॉस्पिटलजवळ असलेलं बरं.

*घरी जाण्यापूर्वी तपासा :* रात्री फोन करायचा नंबर, ताप किंवा जखमेतून पू आल्यास कुठे जायचं, टाके काढायची तारीख, आणि नव्या पॅथॉलॉजी रिपोर्टची तारीख. तिसऱ्या टप्प्यातला प्रश्न इथेही लागू आहे.

टप्पा ७ : औषधं लागली तर

ग्रंथीपर्यंत पसरलेल्या मेलॅनोमाला, आणि काही वेळा पसरला नसला तरी जाड असलेल्या मेलॅनोमाला, शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्षभर इम्युनोथेरपी, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं, देतात. पेम्ब्रोलिझुमॅब तीन किंवा सहा आठवड्यांनी एकदा शिरेतून देतात. निवोलुमॅब त्याच जातीचं. ग्रंथी हाताला लागण्याइतकी मोठी असेल तर अलीकडे शस्त्रक्रियेच्या आधीच औषध सुरू करण्याकडे कल आहे, म्हणून अशा वेळी सर्जनआधी कॅन्सरतज्ज्ञाचं मत झालंय ना हे बघा. कॅन्सरच्या पेशींत ब्राफ नावाच्या जनुकात बदल सापडला तर डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या गोळ्यांचा पर्याय असतो. ही तपासणी त्याच मेणाच्या ठोकळ्यावर होते, म्हणून त्याचा क्रमांक उतरवून ठेवा म्हटलं.

इम्युनोथेरपीचे दुष्परिणाम किमोथेरपीसारखे नसतात. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते : आतडी, फुप्फुसं, यकृत, थायरॉइड, मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी. औषध थांबल्यावर कित्येक महिन्यांनीही हे होऊ शकतं. जुलाब सुरू झाले की "बाहेरचं काही खाल्लं असेल" म्हणून आपल्या मनाने गोळी घेऊन गप्प बसू नका. नवा खोकला, धाप, कावीळ, खूप थकवा, न थांबणारी डोकेदुखी, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी उपचार करणाऱ्या टीमला कळवा. ते देतील ते कार्ड पाकिटात ठेवा आणि दातांच्या डॉक्टरपासून इमर्जन्सीपर्यंत सगळ्यांना दाखवा. उपचारासाठी स्टेरॉइड दिलं तर ते एकदम थांबवायचं नसतं, त्याचा उतरता डोस कागदावर घ्या.

औषधांची नावं नेहमी मूळ नावाने लिहा. ब्रँड देशागणिक बदलतात, आणि मूळ नावसुद्धा कधी कधी फसवतं : पॅरासिटामॉललाच अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. दोन वेगळी औषधं समजून दोन्ही घेतली की डोस दुप्पट.

टप्पा ८ : पुढची तपासणी, आणि देश बदलताना

किती दिवसांनी तपासायचं हे प्रकार, जाडी आणि देश यांवर बदलतं. मेलॅनोमाला सुरुवातीची वर्षं सहसा तीन ते बारा महिन्यांच्या अंतराने, बेसल सेलला बऱ्याचदा वर्षाने. वेळापत्रक लेखी घ्या. मधल्या काळात महिन्यातून एकदा स्वतः बघायचं : सगळी त्वचा, तळवे, नखं, व्रणाची रेघ, व्रणापासून जवळच्या ग्रंथीपर्यंतचा पट्टा, आणि मान, काख, जांघ हाताने चाचपून. पाठीसाठी दोन आरसे किंवा घरातलं माणूस. उन्हाबद्दल डॉक्टर सांगतीलच, ते ऐका. तळपायावाल्यांना त्याने फरक पडत नाही, पण उरलेल्या अंगाला पडतो.

नवा विमा किंवा नव्या देशाचा व्हिसा घेताना आजाराबद्दल थेट प्रश्न असेल तर लपवू नका. लपवलेलं नंतर दाव्याच्या वेळी निघतं, आणि मग कॅन्सरशी संबंध नसलेला दावाही अडकतो.

फाइलमध्ये ठेवायचं ते एवढंच : मूळ पॅथॉलॉजी रिपोर्ट, ब्लॉकचा क्रमांक आणि प्रयोगशाळेचा पत्ता, शस्त्रक्रियेची नोंद, दिलेल्या औषधांचे डोस आणि तारखा, शेवटचं तपासणीचं पत्र, स्कॅनच्या डिस्क. भाषा वेगळी असेल तर पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि शस्त्रक्रियेची नोंद या दोनच कागदांचं अधिकृत भाषांतर करून घ्या. सगळ्या फाइलचं करायला गेलात तर पैसे जातील आणि वाचणार कुणी नाही. तारखांमध्ये महिना अक्षरांत लिहा. ०४/०५ ही काही देशांत चार मे असते, काही देशांत पाच एप्रिल.

आणि डिस्क निघण्यापूर्वी स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. माझी पहिली डिस्क उघडली तेव्हा तिच्यात दुसऱ्याच कुणाच्या गुडघ्याचा एमआरआय होता.